घर विचारणारे पाळकसाहेब

रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर माणूस हसतो, फार तर हात जोडतो. आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या पाद्रींना, तेवढ्यानं भागत नसे. पिंपरीच्या बाजारात मी खाली मान घालून वांगी निवडत असायची आणि रस्त्याच्या पलीकडून, मधल्या टांग्यांच्या डोक्यावरून आवाज यायचा, "सलाम, बाई! सलाम!" आम्हा ख्रिस्ती लोकांत एकमेकांना सलाम म्हणायची रीत आहे. पण ती रीत उपासनेच्या दारात, फार तर एकमेकांच्या ओट्यावर पाळायची. भर बाजारात असा पुकारा झाला की भाजीवाली आधी त्यांच्याकडं बघायची, मग माझ्याकडं, मग माझ्या रिकाम्या कपाळाकडं. मी वांगी तशीच टाकून घरी यायची.

हा माणूस मला पहिल्यापासून आवडला नाही, आणि मी ते लपवलंही नाही. माझा स्वभाव संशयी आहे. नगरकडच्या मिशनच्या बोर्डिंगात मी वाढले. तिथं ज्या मावशा गोड बोलून मुलींची विचारपूस करायच्या, त्याच संध्याकाळी सगळं मडमच्या कानावर घालायच्या. तेव्हापासून कुणी कळवळ्यानं काही विचारलं की माझ्या मनात आधी येतं, हे आता कुणाला जाऊन सांगणार आहे?

आणि यांचं तर विचारल्यावाचून पान हलत नसे.

उंच, हाडकुळा माणूस. लष्कराच्या लिलावात घेतलेला खाकी कोट, खाली धोतर, काखेत छत्री. कोटाच्या खिशात कायम फुटाणे. आमेन म्हणता म्हणता त्यांचा हात खिशात जायचा. दुसऱ्या कुणाची प्रार्थना लांबली तर मध्येच मोठ्यानं आमेन म्हणून ती बंद पाडायचे. चर्चचा कारभार बघणारे आमचे थोरले पंच फार लांब प्रार्थना करत, आणि त्यांच्यावर हा प्रसंग बरेचदा यायचा. पण हे सगळं चालून गेलं असतं. जे चाललं नाही, ते त्यांचे दोन प्रश्न.

कुणीही नवीन भेटलं की पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" तो सगळेच विचारतात. माणूस खुशीत तालुका सांगतो, जिल्हा सांगतो. तेवढ्यात दुसरा यायचा, "गावात घर कुठं?"

खेड्यात वाढलेल्या माणसाला यात काय विचारलंय ते समजावून सांगावं लागत नाही. नाव बदलता येतं, आडनाव बदलता येतं, धोतर सोडून विजार घालता येते. पण गावातलं घर वेशीच्या आत होतं की बाहेर, ते काही बदलत नाही. समोरचा घुटमळला की हे स्वतःच सांगून मोकळे व्हायचे, आणि तेही अगदी आनंदानं: "माझं वेशीबाहेर. ओढा ओलांडला की डाव्या हाताला."

मला त्या आनंदाचाच राग यायचा. आपलं खालचेपण इतकं मोठ्यानं सांगत फिरणाऱ्या माणसाला त्याचा छुपा गर्व असतो, असं माझं तेव्हा मत होतं. थोडंफार आजही आहे.

आम्ही सगळे इकडं आलो होतो तेच मुळी असले प्रश्न मागं टाकून. देहूरोडला लष्कराचे डेपो होते, पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, आणि नगर-जालन्याकडून आमचे लोक नोकरीला येत होते. इथं शिफ्ट कोणती आणि पगार किती, एवढंच विचारत. देहूरोडला लष्करानं सोडलेल्या एका बराकीत आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, रविवारी उपासनेला जमायची. पंच होते ते सगळे डेपोतले कारकून नाहीतर फोरमन. आमचे हेही त्यांतच. रविवारी इस्त्रीचे कपडे घालून बसायचं, पाळीनं उठून आपण कसे बदललो त्याची साक्ष द्यायची, गीतं गायची आणि घरी यायचं. कुणाला त्रास नव्हता.

आम्हाला तर चिंचवड गावात खोली मिळाली होती. मालकीणबाई जुन्या शेतकरी घरातल्या, विधवा, जिभेनं तिखट पण मनानं वाईट नव्हत्या. मी बोर्डाच्या शाळेत शिकवत होते म्हणून मला मास्तरीणबाई म्हणायच्या. आम्ही ख्रिस्ती हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यावर त्याच म्हणाल्या, "म्हंजी गोव्याकडचं असाल." आम्ही हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. खोलीला स्वतंत्र दार होतं, पुढं ओटा होता, आणि मागच्या अंगणातल्या विहिरीवर बाकीच्या बायकांबरोबर मी पाणी शेंदत होते. विहिरीचा दोर हातात घ्यायला मिळणं म्हणजे काय, ते ज्याला कधी मिळाला नाही त्यालाच कळेल. माझ्या आईला सबंध जन्मात मिळाला नव्हता. म्हणून पाळकसाहेब आमच्याकडं येतो म्हणाले की त्यांना मी काही ना काही सांगून टाळायची. आज शाळेची तपासणी आहे, आज ह्यांना ओव्हरटाइम आहे.

त्यांनी पंचांची पहिली सभा घेतली तेव्हा आम्ही बायका ताडपत्रीच्या आडोशाला स्टोव्हवर चहा करत होतो. त्यामुळं सगळं ऐकू आलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "ही मंडळी इतकी वर्षं आहे तेवढीच का आहे? बाहेर जाऊन कुणी प्रभूची सुवार्ता सांगत नाही का?"

थोरले पंच म्हणाले, "साहेब, दिवस बघा कसले आहेत. तोंड उघडलं की लोक म्हणतात गोऱ्यांचे पैसे खाऊन आलेत. आहे ती मंडळी सांभाळली तरी पुष्कळ."

"लोक म्हणतात हे खरं आहे," पाळकसाहेब म्हणाले. "पण तुम्ही त्या भीतीनं गप्प नाही. दर रविवारी इथं उभं राहून सांगता, मी पूर्वी पापी होतो. पापी होतो हे सांगायला कुणाला लाज वाटत नाही. घर कुठं होतं हे सांगायला वाटते. स्वतःचं घर सांगता येत नाही तो दुसऱ्याच्या दारात उभा राहून काय सांगणार?"

मग थोरले पंच घसा खाकरून म्हणाले, "आमचं घराणं मूळचं देशमुखांच्या वाड्यातलं."

"वाड्यातलं की वाड्यावर कामाला येणारं?"

माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं तोंडात पदर कोंबला. मला मात्र हसू आलं नाही. आता आमच्याच ह्यांची पाळी येते की काय, या धास्तीनं चहा उतू गेला तरी माझं लक्ष नव्हतं.

त्या दिवसापासून मंडळीत तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, मिशननं आपली परीक्षा घ्यायला पाठवलाय. कुणी म्हणालं, सरकारचा माणूस आहे, कोण कुठला ते काढतोय. थोरले पंच म्हणाले, याआधी तीन ठिकाणांहून हलवलाय, उगीच कुणी कुणाला हलवत नाही. आमचे हे तेवढे म्हणाले, "अगं, असेल सरळ माणूस." मी म्हटलं, सरळ माणसाला कोटाला इतके खिसे लागत नाहीत. याला काही अर्थ नव्हता, पण मी म्हटलं खरं.

आणखी एका गोष्टीनं माझा संशय वाढला होता. ते स्वतः कधी बाहेर उपदेश करत नसत. पंचांनी जावं, पंचांनी सांगावं, हा त्यांचा हट्ट. विचारलं तर म्हणायचे, "पाळक सांगतो ती त्याची नोकरी असते. लोकांना कळतं ते. डेपोतला माणूस सुट्टीच्या दिवशी पायपीट करून आला तर लोक विचारतील तरी, का आलास बाबा?" ऐकायला हे बरं होतं. पण दुसऱ्यांना पुढं ढकलून मागं फुटाणे खात बसणारा माणूस मी बोर्डिंगातही पाहिला होता.

शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी पंचांना बाहेर काढलंच. चऱ्होलीच्या अलीकडं इंद्रायणीच्या काठाला एक गाव होतं, तिथं. मला गाता येतं म्हणून मलाही घेतलं. सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधून आमचे हे चालत होते आणि थोरले पंच बुटांवरची धूळ रुमालानं झटकत होते.

गावात शिरलो तर आमचे कपडे बघून पाटलांना वाटलं सरकारी माणसं आली. चावडीवर घोंगडी अंथरली, शेजारच्याच त्यांच्या घरातून कपबशीत चहा आला. थोरले पंच खुलले. खरं सांगते, त्या दिवशी ते फार सुरेख बोलले. देवाच्या प्रेमाविषयी असं काही बोलले की पाटीलसुद्धा मान डोलवायला लागले. मीही पेटीवर हात ठेवून ऐकत राहिले. मग पाटलांनी सहज विचारलं, "पाव्हणं मूळचं कुठलं म्हनायचं?"

"नगर जिल्हा," थोरले पंच म्हणाले आणि घाईनं पुढचं वाक्य शोधायला लागले.

"माझं घर वेशीबाहेर बरं का, पाटील," कोपऱ्यातून पाळकसाहेब म्हणाले.

पाटील वाईट वागले नाहीत. "असूंद्या की, आता कुठं ऱ्हायलंय तसलं," असं म्हणाले. पण चुलीवर उकळत असलेला दुसरा चहा काही आला नाही. थोड्या वेळानं घरातून कुणीतरी पाटलांच्या कानाला लागलं. ते जरा अवघडले आणि म्हणाले, "तेवढं कप इसळून ठिवा पाव्हणं. तिकडं, दगडाशी."

पंच जागेवरून हलले नाहीत. पाळकसाहेब उठले, सगळ्यांच्या कपबशा गोळा केल्या, गुणगुणत विसळल्या आणि पालथ्या घालून ठेवल्या.

तिथून ते आम्हाला वेशीबाहेरच्या वस्तीत घेऊन गेले. तिथं एक म्हातारा बाजेवर बसला होता. त्यानं आमचे बूट पाहिले, मग आम्हाला. "आमच्यातलंच हाय म्हनता, तर आदी हितं यायचं. चावडीवर च्या प्यायला गेला व्हय?" त्याच्या शेजारचा तरुण उठून म्हणाला, "आमचा रस्ता आमी बघाय लागलोय. तुमचा तुमाला लाभो." मी एक गीत म्हटलं. ऐकायला दोन कोंबड्या आणि ती रिकामी झालेली बाज. आम्ही परत निघालो.

वाटेत पाळकसाहेबच म्हणाले, "बरं झालं. आज निदान कुठून आलो ते तरी सांगितलं. पुढच्या खेपेला बाकीचं सांगू." थोरल्या पंचांनी त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

पुढची खेप झालीच नाही. पंचांनी सभा बोलावली आणि पाळक बदलून मिळावा असा ठराव आणला. सभेला निघताना ह्यांनी मला विचारलं, "काय करू?" मी म्हटलं, "हात वर करा. नाहीतर हा माणूस एक दिवस आपल्या ओट्यावर येऊन बोलेल आणि आपल्याला बिऱ्हाड उचलावं लागेल." ह्यांनी हात वर केला. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याला राहायला मंडळीचं घर फुकट आहे, त्यानं दुसऱ्याच्या भाड्याच्या खोलीशी खेळू नये. सभेचे अध्यक्ष पाळकसाहेबच होते. त्यांनी वर झालेले हात पाहिले, "ठराव मंजूर" म्हणाले आणि सगळ्यांना फुटाणे वाटले, असं हे घरी येऊन सांगत होते. थोरल्या पंचांनीसुद्धा घेतले म्हणे.

आणि मग जायच्या आधी ते आमच्याकडं आले. न कळवता आले, त्यामुळं मला टाळता आलं नाही. हे कामावर होते. मी ओट्यावर चटई टाकली आणि चहा ठेवला. लवकर पिऊन जातील, असा माझा हिशोब. तेवढ्यात मालकीणबाई सुपात तांदूळ घेऊन निवडायला ओट्याच्या कडेला येऊन टेकल्या. त्यांना माणसांची हौस होती.

"काय वो पाद्रीबाबा, गाव कंचं तुमचं?"

झालं, मी मनात म्हटलं.

"नगर जिल्ह्यातलं," पाळकसाहेब म्हणाले. "घर वेशीबाहेर. ओढा ओलांडला की डाव्या हाताला."

मालकीणबाईंचा तांदळातला हात थांबला. त्यांनी सूप जरा आपल्याकडं ओढून घेतलं. मग माझ्याकडं बघत त्यांनाच विचारलं, "आन ह्यांचं वो? ह्या बी तकडच्याच का?"

आता हे सांगायला हवं की पाळकसाहेबांना माझं घर नीट माहीत होतं. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाळकसाहेब त्यांच्या घरी जेवून गेलेले होते. पहिल्या भेटीतच त्यांनी मला ते सांगितलं होतं, आणि मी विषय बदलला होता. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. ज्या माणसानं पाटलाच्या चावडीवर जीभ आवरली नाही, तो इथं काय आवरणार?

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि खाली बघत म्हणाले, "त्यांचं मला ठाऊक नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, ते एक वेळ बरं. पण ह्यानं माझ्यावर दया करावी? सगळ्या जगाला घर विचारत फिरणाऱ्यानं माझ्यापुरतं खोटं बोलावं, म्हणजे माझं घर काय सांगण्यासारखंही नाही?

"ठाऊक कसं नाही?" मी म्हटलं. "वेशीबाहेरच आहे माझंही. माझ्या वडिलांचं घर ओढ्याच्या काठाला होतं, आणि हे तिथं भाकरी खाऊन गेलेत."

मालकीणबाई सूप उचलून आत गेल्या. पाळकसाहेबांनी चहा संपवला, कपबशी स्वतः विसळली आणि छत्री काखेत मारली. "सलाम, बाई," म्हणाले. मी सलामाला उत्तर दिलं नाही.

त्यानंतर ते कुठं जालन्याकडं गेले आणि तिकडंच वारले, असं पुढं कानावर आलं. पण त्यांच्या त्या एका वाक्याचा छडा मला अजून लागलेला नाही. मला वाचवायला ते खोटं बोलले, की माझा तापट स्वभाव ओळखून, मीच तोंड उघडावं म्हणून बोलले? पंचांना इतके दिवस सांगून जे जमलं नाही, ते माझ्याकडून एका वाक्यात करून घेतलं त्यांनी. माणूस भोळा होता की पक्का मुरलेला? हे म्हणतात भोळा. मी अजून पक्का म्हणते.

मालकीणबाईंनी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाल्या, "माझं काय न्हाई मास्तरीणबाई. पर आमाला गावात ऱ्हायचंय. हिरीवर समदी येत्यात." त्या दिवसापासून मी स्टेशनच्या नळावरून पाणी आणायला लागले, आणि महिनाअखेरीला देहूरोडला बिऱ्हाड हलवायचं ठरलं.

पंचाची बायको म्हणून माझी उभी हयात मंडळीत गेली, पण बाहेरच्या माणसाला सुवार्ता मी एकदाच सांगितली. तीही बिऱ्हाड हलवायच्या सकाळी, आणि मला घराबाहेर काढणाऱ्या बाईलाच.

हे पहिली खेप घेऊन पुढं गेले होते. मी आत शेवटचं गाठोडं बांधत होते आणि हातगाडीवाला बाहेर उभा होता. मालकीणबाई दाराबाहेर येऊन थांबल्या. मग म्हणाल्या, "एक इचारू? तुमच्या देवाला समदं चालतं व्हय? कुनाच्या बी हातचं?"

चालतं, असं मी झटकन म्हणणार होते. पण बराक डोळ्यांसमोर आली, थोरले पंच आले, मीसुद्धा आले. म्हटलं, "त्याला चालतं. आम्हाला अजून जमत नाही."

आणि मग मी त्यांना बायबलातल्या विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. ती ज्या लोकांतली, त्यांच्या हातचं, प्रभू ज्यांच्यात जन्मला ते लोक घेत नसत. ती भर दुपारी एकटीच पाण्याला आली. प्रभू चालून थकलेला, विहिरीच्या काठावर बसला होता. त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं.

"त्यानं? तिच्याजवळ?"

"त्यानंच. तीही हेच म्हणाली, माझ्याकडं कसं मागता?"

मालकीणबाई उंबऱ्यावर बसल्या. मी गाठोड्यावर बसले. ती काय म्हणाली, तो काय म्हणाला, ती घागर तिथंच टाकून गावात कशी धावत गेली, सगळं सांगितलं. हातगाडीवाला दोनदा डोकावून गेला.

"मंग त्याला पानी दिलं का तिनं?"

रविवारच्या शब्बाथ शाळेत ही गोष्ट मी किती मुलांना सांगितली होती. हे कुणी विचारलं नव्हतं, मलाही कधी सुचलं नव्हतं. सगळा अध्याय मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत आठवला.

"ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"लिवलं न्हाई म्हंजी दिलं नसंल," मालकीणबाई म्हणाल्या. "भ्याली असंल. मनात असंल तिच्या, पर गावाला भ्याली असंल."

"दिलं असेल," मी म्हटलं.

"न्हाई वो दिलं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

बाहेर हातगाडीवाला हाका मारत होता. मालकीणबाई उंबऱ्यावरून उठेनात, आणि त्यांना ओलांडून मला बाहेर जाता येईना.